ज्वर, नाडी आणि हृदयाची लय



नर्मदेच्या दक्षिण तीरावर, आमच्या निमाडात, रावेरखेडी नावाचे एक लहानसे गाव आहे. वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२, म्हणजे २८ एप्रिल १७४० ह्या दिवशी थोरल्या बाजीराव पेशव्यांनी तेथे देह ठेवला. त्यांस चाळिसावे वर्षही पुरे व्हावयाचे होते. निजामाचा पुत्र नासिरजंग ह्याच्याशी मुंगीपैठण येथे तह होऊन नुकतेच दोन महिने झाले होते. त्या तहात मिळालेल्या हंडिया व खरगोण ह्या मुलखाची व्यवस्था लावण्यासाठी पेशवे निमाडात उतरले होते. ज्या पुरुषाने वीस वर्षे घोड्यावर काढली, ज्यास रणांगणावर कोणी अडवू शकले नाही, त्यास चार-पाच दिवसांच्या तापाने नेले. इतिहासग्रंथांत मृत्यूचे कारण म्हणून एवढाच शब्द येतो: ज्वर.

हा ज्वर कोणता, ह्याविषयी पुढच्या काळात पुष्कळ तर्क झाले. कोणी उष्माघात म्हणतात, कोणी आणखी काही. मी त्या वादात पडत नाही. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा रोग पुस्तके वाचून ठरविणे हा इतिहासलेखकांचा एक आवडता, पण निष्फळ छंद आहे. माझ्या मनात येते ते निराळेच. पेशव्यांच्या छावणीत वैद्य असणारच. त्यांनी आपली तीन बोटे त्या तापलेल्या मनगटावर ठेवली असणार. त्या बोटांखाली जे जाणवले त्याचा अर्थ त्या काळच्या शास्त्राने काय लावला असता? आणि तीव्र ज्वरात हृदयाची चाल बिघडते, तेव्हा आजचे शास्त्र त्याचा अर्थ काय लावते? ह्या दोन प्रश्नांच्या मधली वाट बरीच लांब आहे. ती आज आपणांसमोर थोडीशी उलगडावी, असा विचार आहे.

प्रथम आपल्या वैद्यांकडे वळू. चरक आणि सुश्रुत ह्यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचा स्वतंत्र विस्तार आढळत नाही, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. ती स्पष्ट रूपाने भेटते शार्ङ्गधराच्या संहितेत, म्हणजे सुमारे तेराव्या-चौदाव्या शतकात. शार्ङ्गधराने नाडीला प्राण्यांच्या चालीची उपमा दिली. वाताची नाडी सापासारखी व जळवेसारखी, पित्ताची कावळ्यासारखी व बेडकासारखी, कफाची हंसासारखी व पारव्यासारखी. पण तिन्ही दोष एकदम खवळतात त्या सन्निपातात नाडी लावा आणि तित्तिर ह्या पक्ष्यांसारखी चालते, असे तो सांगतो. ज्यांनी आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी गवतातून पळणारा तित्तिर पाहिला असेल, त्यांस ह्या उपमेची नेमकी गोडी कळेल. तो चार पावले झरझर धावतो, मध्येच थबकतो, पुन्हा धावतो, आणि त्याच्या थांबण्याला काही नियम नसतो. थांबत थांबत चालणारी नाडी प्राणनाशक समजावी, असेही शार्ङ्गधराने बजावून ठेवले आहे.

हकीमांचे निरीक्षण ह्याहून उणे नव्हते. इब्न सिना, जन्म इसवी सन ९८०, मृत्यू १०३७, ह्याच्या वैद्यकग्रंथात हरिणासारखी उडी घेणारी नाडी आहे, लाटेसारखी आहे, किड्यासारखी वळवळणारी आहे, आणि शेवटी मुंगीसारखी आहे, म्हणजे इतकी क्षीण व जलद की बोटाला जेमतेम जाणवावी. बुऱ्हाणपूरच्या लोकांस ह्या दोन्ही परंपरा घरच्याच. त्या शहरात आयुर्वेदाचे शासकीय महाविद्यालय आहे, तसेच सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया महाविद्यालयही आहे. एका गल्लीत तित्तिराची नाडी आणि दुसऱ्या गल्लीत मुंगीची नाडी शिकविली जावी, असे गाव फार ठिकाणी सापडणार नाही. (बुऱ्हाणपूर म्हटले की लोकांस १६३१ साली तेथे निवर्तलेली मुमताजमहल आठवते; पण ती प्रसूतीची कथा आहे, आजच्या विषयाची नव्हे.)

ही सर्व वर्णने वाचताना मला त्या जुन्या चिकित्सकांविषयी आदर वाटतो. हातात घड्याळ नाही, यंत्र नाही, केवळ बोटांच्या टोकांनी त्यांनी ओळखले की तीव्र तापात हृदय केवळ जलद होत नाही तर कधी कधी अनियमित होते, आणि ज्याचे ते अनियमित होते त्याच्या जिवाला अधिक धोका असतो. आजचे आकडे नेमके हेच सांगतात. ते पुढे येतीलच. परंतु ह्या निरीक्षणाचा उपयोग मुख्यतः भाकीत करण्यासाठी झाला. नाडी सुटली, असे वैद्य म्हणाला की घरातील धावपळ थांबे. हिंदू घरात तोंडात गंगाजळ घालीत, आमच्या ख्रिस्ती घरात फादरांना बोलावणे जाई, आणि औषधाची वाटी कोनाड्यात सरकविली जाई. नाडीचे अडखळणे हा मृत्यूचा निरोप, असेच समजत. तो निरोप मृत्यूचा नसून रोगाचा असू शकेल आणि त्यास उत्तर देता येईल, ही कल्पना यावयास फार काळ लागला.

युरोपातही फार निराळी स्थिती नव्हती. तेथे नाडीला मोजमाप आले ते १७०७ साली, जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्याने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले तेव्हा. पुढे १८६८ साली जर्मनीत वुंडरलिश ह्याने हजारो रोग्यांच्या तापाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि थर्मामीटर व नाडी ही जोडी रोग्याच्या उशाशी आली. ताप जितका अधिक तितकी नाडी जलद, हा सर्वसाधारण नियम. पण विषमज्वरात, म्हणजे टायफॉइडमध्ये, ताप चढलेला असूनही नाडी पुष्कळदा मानाने मंद राहते. शाळेत हा मुद्दा सांगितला की मुले मनगटे चाचपू लागतात. निरोगी मुलांच्या वर्गातही दोन मनगटे सारखी चालत नाहीत, हे त्यांस त्याच तासाला कळते.

आता मुंबईकडे जाऊ. कारण ज्वर आणि हृदय ह्यांचा संबंध आपल्या भागातील लोकांनी मोठ्या संख्येने आणि मोठी किंमत देऊन पाहिला तो प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोगी तपासताना डॉक्टर अकासियु गाब्रिएल व्हिएगस ह्यांनी, हा साधा ताप नव्हे, ही ग्रंथिज्वराची साथ आहे, असे ओळखले. व्हिएगस हे गोव्यातील हडफडे गावचे. ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि पुढे १९०६ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलाव भागात त्यांचा पुतळा आहे. पुष्कळ लोक त्याच्या शेजारून जातात. तो कोणाचा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्लेगच्या जंतूचा शोध येरसँ ह्याने हाँगकाँगमध्ये लावून तेव्हा अवघी दोनच वर्षे झाली होती. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईस आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपल्या लशीची पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले होते, आणि त्यातून त्यांस संसर्ग झाला. रँडची कथा आपणांस ठाऊक आहेच; ती आज सांगत नाही.

प्लेगच्या इस्पितळांत काम करणाऱ्या डॉक्टरांस एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. गाठ उठलेली, ताप चढलेला, डोळे लाल, बोलणे अडखळते. आणि नाडी अतिशय जलद, मऊ, कधी दुहेरी ठोका देणारी, कधी मध्येच एखादा ठोका गाळणारी. पण सर्वांत विलक्षण प्रकार निराळा होता. ज्याचा ताप उतरू लागला आहे, जो बरा होईल असे वाटते, असा रोगी पाणी पिण्यासाठी किंवा नैसर्गिक विधीसाठी अंथरुणात एकदम उठून बसे, आणि तेथल्या तेथे गतप्राण होई. म्हणून प्लेगच्या रोग्यास आडवेच ठेवावे, बरा होत असतानाही उठू देऊ नये, असा निर्बंध त्या काळच्या वैद्यकग्रंथांत घातलेला आढळतो. घरच्या माणसांस हा निर्बंध क्रूर वाटे. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती आधीच होती. त्यात त्याला उठूही देत नाहीत म्हटल्यावर संशय वाढला. कारण कोणी समजावून सांगत नव्हते. प्लेगविरोधी बंदोबस्ताच्या सक्तीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु न सांगितलेल्या कारणांनी केवढा अविश्वास माजविला, ह्याचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे, असे मला वाटते.

त्या रोग्यांचे हृदय का थांबत होते? त्या वेळी डॉक्टर म्हणत, प्लेगचे विष हृदयाला दुबळे करते. म्हणून ते ब्रँडी देत, स्ट्रिकनीन देत, डिजिटॅलिस देत. डिजिटॅलिस हे औषध १७८५ साली विदरिंग ह्या इंग्रज डॉक्टरने एका रानफुलाच्या झाडापासून प्रचारात आणले होते आणि ते खरोखरच गुणकारी आहे. परंतु जंतूचे विष अंगात भिनत असता केवळ हृदयाला चेव आणणे म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखे होते. ओझे उतरविण्याचे साधन, म्हणजे जंतूवर चालणारे औषध, तेव्हा नव्हतेच. प्लेगने १८९६ पासून पुढच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीच्या आसपास माणसे नेली. मुंबईहून आगगाडीच्या वाटेने तो आमच्या मध्यप्रांतातही पोहोचला.

ह्याच सुमारास युरोपात नाडीच्या अनियमितपणाचा उलगडा होत होता. जेम्स मॅकेंझी हा इंग्लंडातील बर्न्ली ह्या गिरणगावातला साधा डॉक्टर. त्याने मनगटाच्या आणि मानेतील शिरेच्या स्पंदनांची रेघ एकाच कागदावर काढणारे यंत्र बनविले, आणि १९०२ साली नाडीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हॉलंडात आइन्थोव्हेन ह्याने हृदयातील सूक्ष्म विद्युत्प्रवाह टिपणारे यंत्र सिद्ध केले. त्यासाठी त्यास १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्यास ईसीजीची पट्टी म्हणतो तिचा हा जन्म. त्या यंत्राच्या साह्याने १९०९ साली टॉमस लुइस ह्याने दाखवून दिले की पूर्णपणे बेताल अशा नाडीचे मूळ हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत आहे. ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत असतात, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा. त्यांतील काही थोड्याच लहरी खालच्या कप्प्यांपर्यंत झिरपतात, आणि त्याही कशाही. शार्ङ्गधराचा तित्तिर येथे कागदावर रेघेच्या रूपाने उमटला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यापुढची हकीकत मोठी मौजेची आहे, आणि ती हिवतापाशी जोडलेली आहे. १९१२ साली वेंकेबाख ह्या नामांकित डच हृदयतज्ज्ञाकडे एक व्यापारी आला. पूर्वेकडील देशांत त्याने काही काळ काढला होता. त्याची नाडी बेताल होती. वेंकेबाखने त्यास सांगितले की ह्यावर माझ्याकडे उपाय नाही. व्यापारी म्हणाला, आपल्याकडे नसेल, माझ्याकडे आहे. उद्या मी नियमित नाडी घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी तो आला, आणि नाडी खरोखरच घड्याळासारखी चालत होती. त्याने एक ग्रॅम क्विनाइन घेतले होते. हिवतापासाठी पूर्वेकडे सर्रास घेतले जाणारे हे औषध आपली नाडीही ठीक करते, हे त्याने स्वतःच अनुभवाने शोधून काढले होते. वेंकेबाखचा मोठेपणा असा की त्याने रोग्याला हसण्यावारी नेले नाही, तर ही गोष्ट पुढे आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली. १९१८ साली फ्रे ह्याने त्याच सिंकोनाच्या सालीतून निघणारे क्विनिडीन ह्या कामी अधिक प्रभावी असल्याचे दाखविले, आणि हृदयाची लय सुधारणाऱ्या औषधांच्या मालिकेतील एक आद्य औषध जगास मिळाले.

सातपुड्याच्या जंगलात हिवताप काही नवा नव्हता, आणि क्विनाइनची कडू पुडी खेडोपाडी परिचयाची होती. त्या पुडीने किती निमाडी, किती खानदेशी हृदये नकळत ताळ्यावर आणली असतील, कोण जाणे! पण ह्याच औषधाची दुसरी बाजूही आहे. क्विनिडीन घेणारे काही रोगी एकाएकी मूर्च्छित होऊन पडत, कधी मरतही. १९६४ साली अमेरिकन डॉक्टरांनी ईसीजीच्या आधारे दाखविले की ह्या मूर्च्छेत हृदयाचे खालचे कप्पे भयंकर वेगाने बेताल होतात. म्हणजे जे औषध एक बेतालपणा थांबविते तेच दुसरा, अधिक घातक, उत्पन्न करू शकते. ह्या जुन्या धड्याची आठवण २०२० साली सर्व जगास पुन्हा करावी लागली. कोविडच्या साथीत क्विनाइनच्या कुळातीलच हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध ॲझिथ्रोमायसिनबरोबर सरसकट दिले जाऊ लागले, तेव्हा ह्या जोडीने हृदयाची लय बिघडू शकते म्हणून ईसीजी काढून पाहा, असे हृदयतज्ज्ञ कळकळीने सांगत होते. पुढे इंग्लंडातील मोठ्या चाचणीत, इस्पितळात दाखल झालेल्या कोविडच्या रोग्यांना त्या औषधाचा लाभ होत नसल्याचे सिद्ध झाले.

संसर्ग हृदयाची लय बिघडवितो, ह्याचे सर्वांत लख्ख उदाहरण मात्र घटसर्पाचे. ह्या रोगाचे जंतू घशातच राहतात. त्यांचे विष रक्तावाटे हृदयाच्या स्नायूंत आणि लहरी वाहून नेणाऱ्या तंतूंत जाऊन बसते. घसा मोकळा होतो, मूल खेळू लागते, आई निःश्वास टाकते, आणि दुसऱ्या आठवड्यात नाडी मंद व अडखळती होऊन मूल एकाएकी दगावते. बेरिंग आणि किटासाटो ह्यांनी १८९० साली ह्या विषावर उतारा शोधला, आणि पुढे त्रिगुणी लशीने घटसर्प पुष्कळच मागे हटला. १९१८ चा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबईत उतरला आणि शरदात देशभर पसरला. मध्यप्रांत व वऱ्हाड हे त्यातील सर्वांत अधिक होरपळलेल्या प्रदेशांपैकी होते. त्या साथीत नाड्या मोजावयास माणसेच उरली नव्हती, म्हणून आपल्या विषयाला तिच्यापासून फारसे काही मिळत नाही.

धनुर्वाताच्या बाबतीत मुंबईने स्वतः भर घातली. डॉक्टर फरोख उडवाडिया हे भारतातील अतिदक्षता चिकित्सेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. धनुर्वाताच्या गंभीर रोग्यांचा त्यांनी दीर्घ अभ्यास केला आणि त्यावर ग्रंथ लिहिला. पूर्वी धनुर्वाताचा रोगी श्वास कोंडून मरे. कृत्रिम श्वासाच्या यंत्राने तो धोका कमी केला, तेव्हा पडद्यामागचा दुसरा शत्रू दिसू लागला. रोग्याचा रक्तदाब क्षणात चढे, क्षणात उतरे, हृदय कधी दीडशेच्या वेगाने धावे तर कधी एकाएकी थांबे. फुप्फुसे वाचविल्यावर हृदयाची बेबंदशाही उघडी पडली.

अतिदक्षता विभागात आजही हाच अनुभव येतो. फुप्फुसाचा, मूत्रमार्गाचा, पोटातील किंवा एखाद्या चिघळलेल्या जखमेचा संसर्ग जेव्हा सर्व शरीराला ग्रासतो, तेव्हा त्यास सेप्सिस म्हणतात. एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांस सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. ह्या अवस्थेत हृदयावर एकाच वेळी अनेक बाजूंनी मारा होतो. जंतूंशी लढताना शरीर जी दाहकारक द्रव्ये सोडते तीच हृदयाच्या स्नायूला शिथिल करतात. ताप आणि भय ह्यांमुळे ॲड्रिनलिन उसळते. रक्तदाब घसरतो, प्राणवायू अपुरा पडतो, मूत्रपिंडे थकली की रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम ह्यांचा तोल जातो. रक्तदाब टिकविण्यासाठी जे नॉरॲड्रिनलिन शिरेतून द्यावेच लागते, तेही हृदयाला चाळविते. शिरेतून दिलेल्या सलाइनने अलिंदे ताणली जातात. अशा वेळी वरचे कप्पे थरथरू लागले तर खालच्या कप्प्यांत रक्त भरण्याचे त्यांचे साह्य बंद पडते, आणि आधीच दुबळ्या हृदयाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. मनगटावर ठोके कमी भरतात आणि छातीवर नळी लावली तर अधिक भरतात, कारण काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. जुन्या वैद्यांस जाणवलेली गळती ती हीच.

बोस्टनचे डॉक्टर ॲलन वॉकी व त्यांचे सहकारी ह्यांनी २०११ साली कॅलिफोर्नियातील ४९ हजार तीव्र सेप्सिसच्या रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ६ टक्के रोग्यांस अलिंदांची ही थरथर नव्यानेच जडली होती. ज्यांस ती जडली त्यांपैकी ५६ टक्के इस्पितळात दगावले. ज्यांस जडली नाही त्यांपैकी ३९ टक्के. मेंदूत रक्ताची गुठळी जाणे इत्यादी कारणांनी होणारा पक्षाघात पहिल्या गटात २.६ टक्के, दुसऱ्यात ०.६ टक्के. शार्ङ्गधराची धोक्याची सूचना खरी ठरली. पण दुसरीही गोष्ट ह्याच आकड्यांत लिहिलेली आहे, आणि ती शार्ङ्गधराला दिसू शकत नव्हती. नाडी बेताल झालेल्या शंभरांतून ४४ माणसे उठून घरी गेली.

मग त्या बेतालपणाचे करावयाचे काय? येथे डॉक्टरांतही मतभेद आहेत, आणि ते मला मोठे उद्बोधक वाटतात. १९६२ साली बर्नार्ड लाउन ह्यांनी विजेच्या नियंत्रित धक्क्याने लय पूर्ववत् करण्याची रीत प्रचारात आणली. पण संसर्ग आटोक्यात नसेल तर धक्क्याने आलेली लय पुष्कळदा टिकत नाही. २०१३ साली रोममधील एका चाचणीत असे दिसले की सेप्सिसच्या आघातात हृदयाचा वेग औषधाने मुद्दाम कमी केल्यास अधिक रोगी वाचतात. सर्वत्र आशा उत्पन्न झाली. परंतु २०२३ साली ब्रिटनमधील चाचणीत त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाने लाभ दिसला नाही, उलट अपायाची शंका आली आणि चाचणी मध्येच थांबविण्यात आली. जलद धावणारे हृदय हा शत्रू आहे की संकटात शरीराने धरलेला आधार आहे, ह्याचा निर्णय प्रत्येक रोग्यागणिक करावा लागतो. एवढ्यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे: आधी संसर्गावर योग्य प्रतिजैविक, तेही लवकर, पू साचला असेल तर तो काढणे, रक्तदाब, प्राणवायू, पोटॅशियम सांभाळणे. इतके साधले की अनेकांची नाडी आपोआप ताळ्यावर येते. प्लेगच्या इस्पितळात बैलाला पराणी टोचणारा डॉक्टर आणि आजचा डॉक्टर ह्यांच्यातील फरक हा आहे. आजचा डॉक्टर प्रथम गाडीतले ओझे उतरवितो.

लवकर, हा शब्द मी सहज वापरला. परंतु आमच्या भागात सगळे त्याच शब्दावर येऊन अडते. तापीच्या खोऱ्यातील फोपनार हे गाव विद्वानांस ठाऊक आहे ते तेथे जमिनीत सापडलेल्या प्राचीन बुद्धमूर्तींमुळे. गेल्या शतकातील साठच्या दशकात निघालेल्या त्या धातुमूर्ती, सुमारे दीड हजार वर्षांच्या, आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मूर्ती दिल्लीस पोहोचल्या. तापाने फणफणलेला शेतमजूर मात्र बुऱ्हाणपूरच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत वेळेवर पोहोचेलच, अशी खात्री फोपनारात देता येत नाही, किंवा आसपासच्या कोणत्याच खेड्यात देता येत नाही. अंतर हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे आपल्या भाषेत अजून शिल्लक असलेले ते जुने वाक्य, नाडी सुटली. ते कोणी उच्चारले की १०८ क्रमांकाची गाडी बोलाविण्याऐवजी नातेवाइकांस निरोप धाडले जातात. तीव्र तापात माणूस बरळू लागला, श्वास जलद झाला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले आणि बोटाखाली नाडी वेडीवाकडी लागली, तर ती निरोप धाडण्याची वेळ नसून गाडी बोलाविण्याची असते. त्या मधल्या दोन-चार तासांवर पुष्कळ काही अवलंबून असते.

रोगी बरा होऊन घरी आल्यावर आणखी एक प्रश्न उरतो. संसर्ग गेला, नाडी सुरळीत झाली, म्हणजे ते प्रकरण संपले, असे पूर्वी डॉक्टरही समजत. वॉकी ह्यांनी अशा रोग्यांचा पाच वर्षे मागोवा घेतला तेव्हा निम्म्याहून अधिकांत अलिंदांची थरथर पुन्हा आढळली. अशांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी दीर्घकाळ द्यावी की नाही, ह्यावर अजून निर्णायक मत झालेले नाही. गुठळीचा धोका एका पारड्यात, रक्तस्रावाचा धोका दुसऱ्या पारड्यात. म्हणून इस्पितळातून मिळालेला कागद आणि ईसीजीची पट्टी जपून ठेवावी लागते, आणि पुढे केव्हाही, कोणत्याही कारणाने डॉक्टरकडे जाताना ती सोबत न्यावी लागते. खेड्यातील घरांत हे कागद बहुधा पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या सातबाऱ्याच्या किंवा खसऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवलेले असतात. जागा चांगली आहे. फक्त दवाखान्याला जाताना ती पेटी उघडण्याची आठवण राहिली पाहिजे.